गोळी घेतली तरी जंत का होतात? पहिल्या आठ आठवड्यांचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१० फेब्रुवारीचा राष्ट्रीय जंतनाशक दिन जवळ आला की शाळांत आणि अंगणवाड्यांत पालकांचे दोन प्रश्न हमखास येतात. मागच्या वेळी गोळी दिली होती, मग तीनच महिन्यांत जंत पडले कसे? आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिल (जंतांत आणि ॲलर्जीत वाढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) तर ठीक आहेत, मग गोळी कशाला? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. जंत शरीरात शिरल्यावर पहिल्या सहा-आठ आठवड्यांत काय काय घडते ते समजले, की दोन्हींचे उत्तर मिळते. या काळात शौचाच्या तपासणीत काही सापडत नाही, पोटही सहसा दुखत नाही, पण शरीराची प्रतिकारयंत्रणा पूर्ण कामाला लागलेली असते. तिचे काम आणि तिच्या मर्यादा वाचकांपर्यंत पोचाव्यात म्हणून हे पत्र.

मातीतून येणारे जंत आपल्याकडे मुख्यतः तीन. गांडुळासारखा लांब गोलजंत, आतड्याच्या अस्तराला धरून रक्त पिणारा अंकुशकृमी म्हणजे हुकवर्म, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरात पुढचे बारीक टोक खुपसून बसणारा चाबूककृमी. रात्री गुदद्वाराशी खाज आणणारे सुतासारखे बारीक जंत वेगळे. ते मातीतून येत नाहीत, नखांतून आणि अंथरुणातून घरभर पसरतात. गूळ-साखर जास्त खाल्ल्याने यांतला एकही जंत होत नाही. मूल झोपेत दात खाते म्हणून त्याला जंत आहेत, असेही म्हणता येत नाही.

गोलजंताचे अंडे शौचावाटे मातीत पडते. ताजे असताना ते बाधत नाही. उबदार, ओलसर मातीत त्याच्या आत अळी तयार व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मग ते नखातल्या मातीतून किंवा नीट न धुतलेल्या भाजीवरून पोटात जाते. लहान आतड्यात अंडे फुटते, अळी आतड्याचे अस्तर भेदून रक्तात शिरते, यकृतातून फुप्फुसात येते, तिथे १० ते १४ दिवस वाढते, श्वासनळीने वर चढून घशाशी येते आणि पुन्हा गिळली जाते. आता दुसऱ्यांदा लहान आतड्यात पोचल्यावर ती तिथे राहायला येते. अंडे गिळल्यापासून नव्या मादीने पहिले अंडे घालेपर्यंत दोन ते तीन महिने जातात. ही फुप्फुसातली फेरी माणसात खरेच होते का, हे पाहण्यासाठी १९२२ मध्ये शिमेसु कोइनो या जपानी डॉक्टरांनी स्वतः २००० अंडी गिळली होती, आणि पुढे त्यांच्या थुंकीत अळ्या सापडल्या.

हुकवर्मला तोंडाची गरज नाही. त्याची अंडी ओल्या, सावलीच्या मातीत एक-दोन दिवसांत फुटतात, पाच ते दहा दिवसांत अळी बाधण्याजोगी होते आणि अनुकूल मातीत तीन-चार आठवडे वाट पाहत राहते. अनवाणी पाय पडला की ती त्वचेतून आत घुसते. हे कैरोमध्ये आर्थर लूस या जर्मन परजीवीतज्ज्ञांच्या लक्षात आले ते अळ्यांचे पाणी चुकून हातावर सांडले म्हणून. त्या जागी खाज आली, त्वचा लाल झाली, आणि काही आठवड्यांनी त्यांच्या शौचात हुकवर्मची अंडी दिसली. भातलावणीच्या दिवसांत पायाला येणारी अशी खाज चिखल्यांहून वेगळी ओळखता येते. चिखल्यांत बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, सोलवटते आणि वास येतो. अळी शिरल्यावर तळव्याच्या कडेला किंवा बोटांच्या बुडाशी बारीक लाल, प्रचंड खाजणारे पुरळ येते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप जाते. हे पुरळ म्हणजे प्रतिकारयंत्रणेची पहिली सही. तिच्यावर लावायला मलम शोधण्यापेक्षा तारीख लिहून ठेवावी, कारण पुढच्या सगळ्या तपासण्यांचा हिशेब या तारखेपासून धरायचा असतो.

जंतांशी लढताना शरीरापुढे येणारी अडचण मापाची आहे. जिवाणू एक-दोन मायक्रॉनचा असतो. पांढरी पेशी त्याला गिळते आणि पचवते. हुकवर्मची अळी सुमारे ६०० मायक्रॉन लांब, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून मोठी. तिला भिडणारी इओसिनोफिल पेशी १२ ते १५ मायक्रॉनची. एका पेशीने आपल्यापेक्षा चाळीसपट लांब प्राण्याला गिळणे अशक्य. म्हणून जंतांविरुद्ध शरीराने वेगळीच रीत ठेवली आहे: त्याला वेढायचे, अडवायचे, बाहेर लोटायचे, आणि तो ज्या वाटेने गेला तिथली भोके लगेच बुजवायची. जंतांमुळे होणारा खोकला, खाज, इओसिनोफिलची वाढ या सगळ्यांचे मूळ या रीतीत आहे.

सुरुवात होते ती जखमी पेशींच्या हाकेने. अळी त्वचा, फुप्फुस किंवा आतडे भेदते तेव्हा फाटलेल्या अस्तरातून काही प्रथिने बाहेर पडतात. त्यांतली महत्त्वाची तीन: इंटरल्यूकिन-३३, इंटरल्यूकिन-२५ आणि टीएसएलपी. ही प्रथिने जंताला मारत नाहीत, ती शेजारच्या पेशींना सावध करतात. आतड्यात ही हाक कोण देते याचा उलगडा अगदी अलीकडे, २०१६ मध्ये, एकाच सुमारास तीन संशोधनगटांनी केला. आतड्याच्या अस्तरात डोक्यावर झुपका असलेल्या टफ्ट पेशी असतात. एरवी त्या शंभरात एकही भरत नाहीत आणि कित्येक दशके त्यांचे काम काय, हे कोणाला सांगता येत नव्हते. त्या आतड्यातल्या पोकळीची चव घेतात. जंतांची चाहूल लागली की त्या इंटरल्यूकिन-२५ सोडतात.

ही हाक ऐकणाऱ्या पेशी आधीपासूनच अस्तराखाली बसलेल्या असतात. त्यांना आयएलसी-२ म्हणतात; २०१० मध्ये जपान, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या गटांनी त्यांची ओळख पटवली. टी पेशी या पांढऱ्या पेशींना शत्रूची ओळख करून घ्यायला आठवडा-दहा दिवस लागतात, आयएलसी-२ पेशींना ओळखीची गरज लागत नाही. त्या काही दिवसांतच इंटरल्यूकिन-१३ आणि इंटरल्यूकिन-५ ओतू लागतात, आणि इथून आतड्याचे रूप पालटते. लहान आतड्याचे अस्तर एरवीही तीन ते पाच दिवसांत नवे होत असते. इंटरल्यूकिन-१३ त्या अस्तराच्या मूळ पेशींना सांगते की आता नेहमीच्या पेशींऐवजी टफ्ट पेशी आणि चिकट स्राव करणाऱ्या गॉब्लेट पेशी जास्त बनवा. टफ्ट पेशी वाढल्या की हाक मोठी होते, हाक मोठी झाली की आयएलसी-२ वाढतात, आणि हे चक्र स्वतःच वेग घेते. आठवडाभरात आतड्यात बुळबुळीत स्रावाचा जाड थर येतो, पाणी जास्त सुटते, आतड्याचे स्नायू जोरात आवळू लागतात. जंताला अस्तर धरून राहणे अवघड होते आणि तो वाहून जातो. मोठ्या आतड्यातल्या चाबूककृमीबाबत आणखी एक युक्ती चालते: अस्तराच्या पेशी नेहमीपेक्षा वेगाने वर सरकून गळून पडतात, आणि त्यांत डोके खुपसून बसलेला जंत सरकत्या जिन्यावर बसल्यासारखा बाहेर लोटला जातो.

हे बारकावे बहुतांशी उंदरांत तपासले गेले आहेत. प्रयोगशाळेत निप्पोस्ट्राँगिलस नावाच्या उंदरांच्या जंताच्या ५०० अळ्या टोचल्या तर त्या एक-दोन दिवसांत फुप्फुसात, तीन-चार दिवसांत आतड्यात पोचतात आणि दहा-बारा दिवसांत बहुतेक साऱ्या बाहेर पडतात. माणसाचे शरीर तीच हत्यारे वापरते, पण निकाल वेगळा लागतो. माणसाच्या आतड्यात गोलजंत वर्ष-दोन वर्षे राहतो आणि हुकवर्म त्याहूनही जास्त काळ राहू शकतो.

आता इओसिनोफिलकडे येऊ, कारण आपल्याकडे या शब्दाचा धसका मोठा आहे आणि समज थोडी. इंटरल्यूकिन-५ अस्थिमज्जेला इओसिनोफिल बनवायला लावते. या पेशी रक्तात जेमतेम काही तास असतात. त्यांची खरी जागा ऊतकांत, म्हणजे त्वचेत, फुप्फुसात, आतड्याच्या भिंतीत. प्रतिपिंडांचा लेप बसलेल्या अळीला त्या चिकटतात आणि आपल्या कणांतली दाहक प्रथिने तिच्या कातडीवर ओततात. ऊतकांतून प्रवास करणाऱ्या अळीवर हा मारा लागू पडतो. आतड्याच्या पोकळीत आरामात पसरलेल्या वीतभर जंताला तो फारसा पोचतच नाही. म्हणून इओसिनोफिल सर्वांत जास्त वाढतात ते अळ्या फिरत असताना. जंत एकदा स्थिरावला की आकडा पुष्कळदा खाली येतो. स्वयंसेवकांना मोजक्या हुकवर्मच्या अळ्या देऊन केलेल्या अभ्यासांत इओसिनोफिल दोन-तीन आठवड्यांनी चढू लागले आणि पाचव्या ते नवव्या आठवड्यात टोकाला पोचले. अंडी साधारण सहा ते आठ आठवड्यांनी दिसू लागतात. म्हणजे आकडा चढत असतो तेव्हा शौच बहुधा कोरे असते, आणि पुढे शौचात अंडी भरपूर असताना आकडा उतरलेला असू शकतो. ‘इओसिनोफिल ठीक, म्हणजे जंत नाहीत’ हा निष्कर्ष म्हणूनच चुकतो, आणि ‘शौच स्वच्छ, म्हणजे खोकल्याचा जंतांशी संबंध नाही’ हाही.

रिपोर्ट वाचतानाची एक चूक तर रोज होते. इओसिनोफिलची टक्केवारी पाहून घाबरू नये, एकूण संख्या काढावी. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले इओसिनोफिलची टक्केवारी भागिले शंभर. एकूण पेशी ८,००० आणि इओसिनोफिल ९ टक्के असतील तर संख्या ७२० येते. ५०० च्या वर म्हणून ती वाढलेली. एकूण पेशी ४,५०० आणि टक्केवारी तीच ९, तर संख्या ४०५. ही वाढ नाही. आयजीई या प्रतिपिंडाची एकूण पातळी मोजण्याची महागडी तपासणीही अशा वेळी फारशी उपयोगाची नाही. जंतांतही ती वाढते आणि ॲलर्जीतही वाढते, त्यामुळे दोघांतला फरक तिच्यातून कळत नाही.

आता फुप्फुसाच्या टप्प्यातला खोकला. स्वित्झर्लंडच्या विल्हेल्म लफ्लर यांनी १९३२ मध्ये वर्णन केलेला हा आजार पुस्तकात त्यांच्या नावाने आहे. अंडी गिळल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी कोरडा खोकला, छातीत शिट्टी, बारीक ताप. एक्स-रेमध्ये डाग, आणि काही दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढला तर डाग दुसऱ्याच जागी. बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत हे आपोआप ओसरते. आपल्याकडे छातीत डाग दिसला की क्षयाचा विचार होतो आणि तो व्हायलाच हवा. थुंकीची तपासणी टाळू नये. पण डाग जागा बदलत असेल आणि इओसिनोफिल चढलेले असतील, तर हा दुसरा विचारही मनात असावा आणि शौचाची तपासणी खोकला सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांनी पुन्हा करावी. आजच्या नमुन्यात अंडी सापडणार नाहीत, कारण अंडी घालणारी मादी अजून तयारच झालेली नाही.

विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या हत्तीरोगाच्या पट्ट्यात, महिनोन्महिने रात्री उठवणारा खोकला आणि ३,००० च्या वर गेलेले इओसिनोफिल दिसले तर ती गोष्ट निराळी. हत्तीरोगाच्या जंताची पिल्ले फुप्फुसात अडकतात, प्रतिकारयंत्रणा तिथे अतिरेकी प्रतिक्रिया देते, आणि रात्री घेतलेल्या रक्तातही पिल्ले सापडत नाहीत. याला डीईसी हे औषध साधारण तीन आठवडे घ्यावे लागते. मात्र सहाशे-सातशेच्या आकड्यावर, खोकला नसताना, दुकानातून डीईसीच्या गोळ्या आणून खाणे चूक आहे.

त्याहून गंभीर चूक स्टिरॉइडची. छातीत शिट्टी आणि इओसिनोफिल दिसले की दम्याचा समज होऊन स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू होतात. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा एक बारीक जंत माणसाच्या आतच पिढ्या वाढवत दशकानुदशके राहू शकतो. प्रतिकारयंत्रणेचा वर सांगितलेला दाब असतो तोवर तो मर्यादेत असतो. स्टिरॉइडने तो दाब उठला की अळ्या हजारोंनी सुटतात, आतड्यातले जिवाणू बरोबर घेऊन फुप्फुसात, रक्तात, मेंदूच्या आवरणापर्यंत जातात, आणि रुग्ण दगावू शकतो. स्टिरॉइडने इओसिनोफिलचा आकडा खाली येतो, त्यामुळे वरवर सुधारणा दिसते. धोका नेमका तिथे आहे. शेतात अनवाणी वावरणाऱ्या माणसाला, इओसिनोफिल वाढलेले असताना, लांबचे स्टिरॉइड देण्यापूर्वी या जंताचा शोध घ्यावा. त्यावर आयव्हरमेक्टिन हे औषध लागते, शाळेतली एक गोळी पुरत नाही.

इतकी यंत्रणा असून माणसाला जंतांविरुद्ध पक्की प्रतिकारशक्ती का येत नाही? याचे पहिले कारण जंत स्वतः. तो नुसता सहन करत बसत नाही, शरीराच्या निरोपांत ढवळाढवळ करतो. उंदरांच्या आतड्यात राहणारा हेलिग्मोसोमॉइडिस हा जंत असे एक प्रथिन सोडतो की ते इंटरल्यूकिन-३३ ला पकडून ठेवते, म्हणजे पहिली हाकच दाबली जाते. त्याचे दुसरे एक प्रथिन शरीराच्या शांत करणाऱ्या निरोपाची हुबेहूब नक्कल करते आणि लगाम घालणाऱ्या टी पेशी वाढवते. माणसातही संसर्ग जुना झाला की दाह शांत करणारे इंटरल्यूकिन-१० आणि आयजीजी-४ वाढतात. आयजीजी-४ हे प्रतिपिंड आयजीईची जागा अडवते. शरीरालाही हा तह एका अर्थी परवडतो, कारण वर्षानुवर्षे पूर्ण जोराने लढत राहिले तर आतडे आणि फुप्फुस आपल्याच दाहाने खराब होतील.

दुसरे कारण मात्रेचे. प्रयोगशाळेतल्या एका जातीच्या उंदरांना चाबूककृमीची दोनशे अंडी एकदम दिली तर ते जंत बाहेर टाकतात. वीसेक अंडी दिली तर प्रतिकारयंत्रणा वेगळ्याच, जिवाणूंविरुद्धच्या वळणाला जाते आणि जंत घर करतात. आपल्या मुलांच्या पोटात अंडी एकदम दोनशे जात नाहीत. आज दोन, उद्या तीन, अशी जातात.

लसीचा प्रयत्न झाला, तोही या प्रतिक्रियेपाशी अडला. हुकवर्मच्या अळीतल्या एका प्रथिनाची लस ब्राझीलमध्ये जंतांच्या पट्ट्यातल्या प्रौढांना दिली तेव्हा काहींच्या अंगावर लगेच गांधी उठल्या, कारण जुन्या संसर्गामुळे त्या प्रथिनाविरुद्ध आयजीई त्यांच्या रक्तात आधीच होते. चाचणी थांबवावी लागली. आजघडीला माणसांसाठी यांतल्या एकाही जंतावर वापरात असलेली लस नाही.

यावर आता पालकांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तारखांनी देता येते. समजा मुलाने १ फेब्रुवारीला गोलजंताची अंडी गिळली. १० तारखेला त्याला अल्बेंडाझोलची गोळी मिळाली तेव्हा अळ्या फुप्फुसात आहेत. हे औषध आतड्यातल्या जंतावर चांगले चालते, त्याची साखर शोषण्याची व्यवस्था कोलमडते. पण रक्तात ते थोडेच उतरते आणि एक-दोन दिवसांत अंमल संपतो. फुप्फुसातल्या अळ्यांवर एका डोसचा भरवसा धरता येत नाही. २० तारखेच्या आसपास त्या आतड्यात उतरतात तेव्हा गोळी कधीच संपलेली असते, आणि एप्रिलमध्ये मुलाच्या शौचात जंत पडतो. गोळी खोटी नव्हती. १० फेब्रुवारीला आतड्यात जे होते ते तिने मारले. जिथे १० ऑगस्टची दुसरी फेरी असते, ती या उरलेल्यांसाठी आणि पावसाळ्यात नव्याने शिरलेल्यांसाठी आहे. ती चुकवू नये. गोळीने प्रतिकारशक्ती वाढत नाही, त्यामुळे मातीचा संपर्क तसाच राहिला तर जंत पुन्हा होणारच.

औषधाचा गुणही सर्व जंतांवर सारखा नाही. ४०० मिलिग्रॅमच्या एका मात्रेने गोलजंताचे शंभरातले पंचाण्णवच्या आसपास रुग्ण बरे होतात, हुकवर्मचे ऐंशीच्या आसपास, चाबूककृमीचे मात्र जेमतेम तीस. चाबूककृमीचा भार जास्त असलेल्या, शौचातून रक्त-आव पडणाऱ्या मुलाला डॉक्टर लागोपाठ तीन दिवस मात्रा देतात.

गोळी देण्याची रीत: एक ते दोन वर्षे वयाला अर्धी गोळी (२०० मिलिग्रॅम), दोन चमच्यांमध्ये पूड करून पाण्यातून; दोन ते तीन वर्षे वयाला पूर्ण गोळी, तीही पूड करून; तीन ते एकोणीस वर्षे वयाला पूर्ण गोळी चावून, वर पाणी. लहान मुलाचे नाक दाबून, रडत असताना गोळी घशात ढकलणे धोक्याचे. ती श्वासनळीत जाऊ शकते. त्या दिवशी ताप किंवा जुलाब असलेल्या मुलाला थांबवावे आणि काही दिवसांनी राहून गेलेल्या मुलांसाठी येणाऱ्या मॉप-अप दिवशी गोळी द्यावी. पूर्वी फिट आलेल्या मुलाची गोळी डॉक्टरांना विचारूनच, कारण मेंदूत फीतकृमीच्या अळीची गाठ असेल तर औषधाने तिच्याभोवती सूज येऊन पुन्हा फिट येऊ शकते. गरोदर स्त्रीला पहिल्या तीन महिन्यांत गोळी देत नाहीत. गोळीनंतर काही मुलांच्या पोटात कळ येते, मळमळते. हे ज्यांच्या पोटात जंत जास्त असतात त्यांच्यात अधिक दिसते आणि विश्रांतीने बहुधा त्याच दिवशी थांबते. अशा एखाद्या मुलाला उलटी झाली की ‘विषबाधा’ हा शब्द गावभर पसरतो आणि पुढच्या फेरीत निम्मा वर्ग गैरहजर राहतो. बातमी देताना हा फरक पाहिला जावा, अशी आपल्या दैनिकाला विनंती.

एका वर्गाकडे या कार्यक्रमाचे लक्षच जात नाही. गोलजंत आणि चाबूककृमी शाळेच्या वयात सर्वांत जास्त असतात, पण हुकवर्मचा भार वयाबरोबर वाढत प्रौढपणीही टिकतो. एकोणीस वर्षांवरच्यांना शाळेची गोळी नाही. हुकवर्मच्या दोन जातींपैकी रक्त जास्त पिणारी जात जंतामागे रोज ०.२ मिलिलिटरच्या आसपास रक्त घेते, दुसरी ०.०३ मिलिलिटर. पहिल्या जातीचे ४० जंत म्हणजे रोज ८ मिलिलिटर रक्त. निरोगी रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. त्या हिशेबाने रोज ४ मिलिग्रॅमच्या आसपास लोह आतड्यात सांडते. थोडे परत शोषले जाते, तरीही आहारातून रोज अंगी लागणारे लोह एक-दोन मिलिग्रॅमच. लावणीला जाणाऱ्या बाईचे हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही चढत नसेल, तर हुकवर्मची तपासणी व्हायला हवी, ‘गोळ्या घेत नसशील’ असे म्हणून तिला परत पाठवू नये.

ही तपासणी नीट व्हावी यासाठीही काही अटी आहेत. एक नमुना पुरत नाही. वेगवेगळ्या दिवसांचे दोन-तीन द्यावेत. नमुना ताजा हवा. काटो-कात्झ पद्धतीत ४१.७ मिलिग्रॅम शौच काचेवर घेऊन अंडी मोजतात आणि २४ ने गुणून एका ग्रॅममधली संख्या काढतात. या पद्धतीतल्या ग्लिसरिनने हुकवर्मची नाजूक अंडी पारदर्शक होऊन दिसेनाशी होतात, म्हणून काच अर्ध्या ते एका तासात पाहायला हवी. सकाळी बनवलेल्या काचा दुपारी पाहिल्या तर गोलजंताची जाड कवचाची अंडी दिसतील आणि हुकवर्म निसटेल.

अंडी पोटात जाऊ नयेत यासाठी भाजी वाहत्या पाण्यात चोळून धुवावी, कंदमुळांची साल काढावी. पोटॅशियम परमँगनेटच्या किंवा क्लोरिनच्या पाण्यात बुडवून गोलजंताची अंडी मरतील असे समजू नये. त्यांचे कवच फार चिवट असते, उष्णतेने मात्र ती मरतात. मुलांची नखे आठवड्याला कापावीत. चिखलात गमबूट घालून लावणी होत नाही हे आम्हांला ठाऊक आहे. पण बांधावर, परसात, शौचाला जाताना पायात चप्पल असणे शक्य आहे, आणि हुकवर्मची माती बहुधा तिथलीच असते.

आमच्या तीन मागण्या आहेत. प्रयोगशाळांनी इओसिनोफिलच्या टक्केवारीशेजारी एकूण संख्या छापावी. आरोग्य केंद्रांनी अनवाणी शेतकाम करणाऱ्या, रक्त कमी असलेल्या प्रौढांना, गरोदरपणाची चौकशी करून, वर्षातून किमान एकदा अल्बेंडाझोल द्यावे. आणि गोळीच्या दिवशी शाळांनी पालकांना जी चिठ्ठी पाठवायची, तिच्यावर पुढच्या फेरीची तारीख असावी.

आपले,
परजीवीशास्त्र व बालआरोग्य या विषयांचे काही अध्यापक